शिक्क्यातलं कुंकू

टोकियोत घर घेतोय म्हटल्यावर लोक जे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. परदेशी माणसाला गृहकर्ज मिळतं का? मिळतं, कायम वास्तव्याचा परवाना असला की पुष्कळ सोपं जातं. नोकरी गेली तर? तर आम्हीही रडू आणि बँकही रडेल. पुण्यात परत जायचं ठरलं तर? विकू की! तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेल्या आईचा मात्र एकच प्रश्न होता आणि तो ती चहा गाळताना, भाजी चिरताना, कधीही विचारायची.

"ते सगळं खरं, पण जमीन कोणाची?"

जमीन होती शेजारच्या बौद्ध देवळाची. फ्लॅट आपल्या नावावर, खालची जमीन भाडेपट्ट्यावर. तिचं भाडं दर महिन्याला देवळाला द्यायचं आणि फ्लॅट विकताना-घेताना देवळाची लेखी संमती घ्यायची, असा तो प्रकार. म्हणून तर टोकियोच्या निशी-कसाई भागात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं घर आम्हाला परवडत होतं, आणि म्हणूनच दोन बँकांनी आम्हाला वाकून वाकून नकार दिला होता. तिसरी बँक हो म्हणाली.

"दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी घर घेतं का?" आई म्हणाली.

"आई, तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं का गं?"

पंचवीस वर्षं झाली, बिल्डरने आईच्या सोसायटीच्या नावावर जमीन अजून करून दिलेली नाही. दर वार्षिक सभेत त्यावरून खुर्च्या सरकतात. "ते वेगळं," आई म्हणाली.

घाईला कारण होतं. आमच्या भाड्याच्या घराच्या मालकांना त्यांचं घर मुलासाठी परत हवं होतं. आमची मुलगी पाचवीत. तिची शाळा टिकवायची तर घर याच हद्दीत हवं होतं, आणि या हद्दीत परदेशी कुटुंबाला भाड्याने देतील अशी घरं शोधून आमच्या चपला झिजल्या होत्या. मुलीने "मला दुसरी शाळा नको" हे आधी जपानीत सांगितलं, मग इंग्रजीत, आणि शेवटी आजीच्या कुशीत शिरून मराठीत. देवळाने दिलेली संमती महिनाअखेरपर्यंतच चालणार होती. व्यवहाराचा दिवस ठरला तो महिन्यातला बँकेचा शेवटचा दिवस. तो हुकला की सगळं पहिल्यापासून.

इथे असल्या कागदांवर सही पुरत नाही. वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला शिक्का लागतो. माझा शिक्का बोटाएवढा, लाकडी. त्याचा ठसा आणि वॉर्ड ऑफिसच्या दाखल्यावरचा ठसा तंतोतंत जुळला, तरच मी ती मीच. आदल्या संध्याकाळी मी फाइल आणि शिक्का टेबलावर काढून ठेवला. सकाळी बघते तर शिक्का देवापुढे ताटलीत, वर शेवंतीचं फूल. आमच्याकडे नवा मिक्सरसुद्धा हळदकुंकू लावल्याशिवाय फिरत नाही, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मी शिक्का टिश्यूने पुसला आणि पर्समध्ये टाकला. कोरलेल्या बाजूला थोडा लाल रंग राहिला होता. शिक्क्याची शाईही लालच असते, मी लक्ष दिलं नाही.

बँकेच्या छोट्या खोलीत आम्ही दोघं नवरा-बायको, घर विकणाऱ्या आजी, एजंट आणि नोंदणीचे कागद तपासणारे गृहस्थ बसलो होतो. या गृहस्थांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय बँक कर्जाचे पैसे सोडत नाही. मी शिक्का मारला. त्यांनी कागद ठशावरच दुमडला, दाखल्यावरच्या ठशाला लावला, वर-खाली करून बघितला आणि दातांतून श्वास आत ओढला.

"चोत्तो..." ते म्हणाले.

जपानी माणूस 'जरा' म्हणून तिथेच थांबला, की समजावं काम बोंबललं. बारीक रेषांच्या मधली जागा कोरी हवी होती, ती लाल भरून आली होती. मी परत शिक्का मारला. तेच. मग डोळ्यांजवळ धरून बघितला तेव्हा कळलं. आईने शिक्का तोंड वर करून ठेवला होता आणि ओलं हळदकुंकू थेट तोंडाला लावलं होतं. ते रात्रभरात खाचांमध्ये वाळून घट्ट बसलं होतं. शिक्का बदलायचा तर नवा करून वॉर्ड ऑफिसात नोंदवायला हवा होता, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता.

मी बाहेर गेले आणि आईला फोन लावला. काय बोलले ते इथे लिहायची मला लाज वाटते. "तुझ्या कुंकवापायी माझ्या मुलीचं घर गेलं" हे त्यातलं शेवटचं वाक्य. ती काही बोलायच्या आत मी फोन कापला.

आत आले तर घर विकणाऱ्या आजी माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, हे लाल काय आहे? नवऱ्याने सांगितलं, सासूबाईंनी शिक्क्याची पूजा केली. आजींनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्या घरासाठी?" असं विचारून त्यांनी पर्समधून दात कोरायच्या काडीचं पाकीट काढलं. मग त्यांनी शिक्का स्वतःच्या हातात घेतला आणि चहात बुडवलेल्या काडीने एकेक खाच साफ करायला बसल्या. लाकडाचा टवका उडाला असता तर तिथेच संपलं असतं. बँकेचे साहेब दोनदा डोकावून गेले.

तिसरा ठसा मी दोन्ही हातांनी दाबून मारला. गृहस्थांनी कागद दुमडला, लावला, उचलला, परत लावला.

"दाइजोबु देस," ते म्हणाले. ठीक आहे. एवढंच.

मला खरंच रडू आलं. नवरा मान खाली घालून हसत होता. पाऊण तासाने पैसे पोचल्याचं आजींना कळलं, त्यांनी उठून तीन किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि स्वयंपाकघरात सकाळचं ऊन छान येतं, असं सांगितलं. रस्त्यावर आल्यावर मला एकदम सपाटून भूक लागली. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती.

आईला फोन केला तर उचलेना. चार वेळा केला. स्टेशनपासून मी जवळजवळ पळतच घरी गेले.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात स्टीलचं पातेलं पाण्याने भरलेलं, आणि त्यात गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पुण्याहून रुमालात बांधून आणलेले सगळे देव. माझा फोन झाल्यापासून ती देव पाण्यात घालून बसली होती. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

मी किल्ल्या दाखवल्या. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले. पन्नाशीला आले, तरी हे तिला मी पहिल्यांदाच म्हणत होते.

"बस," ती म्हणाली. "त्यांना पुसून घेऊ आधी. गारठले असतील."

आम्ही दोघी एकेक देव टॉवेलने कोरडा करत बसलो.