चित्रामागचे टाके

लोकांचे कपडे शिवून जिने दोन पोरं वाढवली, त्या म्हातारीच्या डोळ्यांदेखत तीच पोरं एकमेकांच्या जिवावर उठली होती. कारण काय, तर मेलेल्या चित्रकार बापाचं एक चित्र! थोरला म्हणे अस्सल, धाकटा म्हणे तूच रंगवलंस. थोरल्याने धाकट्याचं डोकं भिंतीवर आपटलं, तशी धाकट्याने आईची कापड कापायची कात्री उचलली.

"ठेव ती खाली!" म्हातारी कडाडली. तिने चित्र हिसकावून उलटं केलं. मागे फाटलेल्या कॅनव्हासवर बारीक टाके होते आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग.

"टाके माझे, रक्तही माझंच. आकाश मळकट झालंय, एवढंच मी म्हणाले, तर तुमच्या बापाने हे चित्र माझ्या डोक्यात घातलं. वर म्हणतो कसा, आधी हे शिव, कपाळाचं नंतर बघू."

पोरं तिच्या कपाळावरच्या व्रणाकडे बघतच राहिली. आई जिन्यावरून पडली होती, हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं.

"चित्र अस्सलच आहे," ती म्हणाली. "जिना तेवढा खोटा."