निरोपाला मीठ

छापखान्याच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन होतं. पुढं छपाई, ती धाकट्याची. मागं कटिंग आणि बाइंडिंग, ते थोरल्याचं. सख्खे भाऊ, पण नऊ वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. जे काय बोलायचं ते बाइंडिंग करणाऱ्या मावशीच्या तोंडून. दिवसाला वीस खेपा व्हायच्या तिच्या. कामगार तिला 'टपाल' म्हणायचे.

सुरुवातीला मावशी निरोप साखरेत घोळवून द्यायची. इकडून 'त्या गाढवाला सांग' असं निघालं, तरी तिकडे 'दादा विचारत होते' असंच पोचायचं. दोघं हळूहळू इतके नरमले, की एक दिवस धाकटा म्हणाला, "मावशी, दादाला विचार, हे पार्टिशन काढायचं का? बाइंडिंग बाहेर देऊ, जागाही मोकळी होईल."

बाइंडिंग बाहेर, म्हणजे मावशीही बाहेर. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मावशी हातातल्या सुईदोऱ्यासकट क्षणभर दारात थबकली. मग आत जाऊन थोरल्याला म्हणाली, "धाकटे म्हणतात, तुमचा कचरा उचला इथनं."

त्या दिवशी साखर संपली. पुढची सात वर्षं रोज चिमूटभर मीठ. फार नाही, जखम सुकू नये एवढंच. दोघांनाही वाटायचं, मावशी आपल्या बाजूची. सकाळी देवापुढे हात जोडताना ती म्हणायची, "मी कुणाचं घर जाळत नाही रे बाबा, माझी चूल तेवढी पेटती ठेवते." देव गप्प राहायचा. ते गप्प राहणं अलीकडे तिला जड जाऊ लागलं होतं.

त्या आठवड्यात शाळेचं पुस्तक आलं होतं, इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडता दुमडता तिची नजर एका ओळीवर गेली: 'दोन पक्षांना आपापसांत झुंजवून स्वतःचा फायदा साधणे.' घडी वाकडी पडली. "म्हणजे साहेबाकडेही मावश्या असतात म्हणायच्या," ती पुटपुटली. हसू मात्र आलं नाही.

तेवढ्यात धाकट्याची हाक आली. "मावशी, दादाला आत्ताच्या आत्ता सांग. काल संध्याकाळी तो गेल्यावर मी कटिंग मशीन चालवलं, तर पातं दोनदा आपोआप खाली आलं. मेकॅनिक येईपर्यंत हात घालू नको म्हणावं."

मावशीनं निरोप जसाच्या तसा पोचवला. ना साखर, ना मीठ.

थोरला हसला. "काल माझी कटिंग वाकडी, आज मशीनच वाईट. उद्या म्हणेल, घरी बस!"

"नाही हो, खरंच सांगितलंय त्यांनी."

"बाई, तो माझ्या वाईटावर टपलाय हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच ना?"

त्यानं बटण दाबलं. मोटर घुमू लागली. पात्याखाली मनगटापर्यंत हात घालून तो गठ्ठा सारखा करू लागला. वरचं पातं किंचित थरथरल्यासारखं वाटलं.

बटण थोरल्याच्या पलीकडं, मावशीचा हात पोचणार नव्हता. धाकट्याला इथं आणायचं, एवढा एकच उपाय उरला. आणि दोघं समोरासमोर दोन वाक्यं जरी बोलले, तरी सात वर्षं उघडी पडणार होती. मावशीनं देवाचं नाव घेतलं आणि ती धावली. धाकट्याचा शर्ट धरून तिनं त्याला अक्षरशः ओढत आणलं.

धाकट्यानं भावाची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. त्याच क्षणी खाडकन पातं पडलं. हात वाचला. बाहीचं बटण तुटून गठ्ठ्यावर पडलं होतं.

"निरोप पाठवला होता ना मी!" धाकटा ओरडला.

"तुझे निरोप? सात वर्षांपूर्वी माझ्या कामाला कचरा म्हणालास, तेव्हापासून ऐकतोय तुझे निरोप."

"कचरा? मी? कधी?"

मोटर अजून घुमत होती. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी एकदमच माना वळवल्या.

मावशी पार्टिशनच्या दारात उभी होती. ना पुढं जाता येत होतं, ना मागं.