सिरिलोच्या चरातला चिखल

सिरिलो मुळात हट्टी. सत्तरी ओलांडली तरी सोचिमिल्कोच्या कालव्यांतून होडी स्वतःच रेटणार, आणि रोपांसाठी चिखलही स्वतःच उपसणार. लांब काठीच्या टोकाला झोळी बांधायची, तळातला काळा चिखल वर काढायचा, मळ्याच्या कडेला पसरायचा, सुरीनं वड्या पाडायच्या आणि एका वडीत एक बी टोचायचं. अख्खा मळाच बापजाद्यांनी असा चिखल टाकून टाकून पाण्यात उभा केलेला.

त्याच्या लहानपणी झोळीत हमखास अहोलोत यायचे. वीतभर लांब, चार पायांचे, मानेभोवती कल्ल्यांची झालर, तोंड कायम हसल्यासारखं. आई ते मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवायची. काय चव असायची त्यांना. आणि पाणी इतकं गार की ओंजळीनं प्यावं.

मग एका वर्षी सरकारी ट्रकनं पिंपं आली. परगावचे मासे, फुकट, हवे तेवढे. विशीतल्या सिरिलोनं सगळ्यांत जास्त पिंपं कालव्यात ओतली, तीही बँड लावून. त्या माशांनी अहोलोतांची अंडी-पिल्लं फस्त केली. उरलेसुरले गढूळ, कोमट पाण्यात संपले. थोरली बहीण तोमासा तेव्हापासून चारचौघांत म्हणायची, "आमच्या सिरिलोनं मेजवानी दिली, पाहुण्यांनी यजमानच खाल्ले." खोटं काय होतं त्यात?

तीन वर्षांपूर्वी त्यानं मळ्यालगतचा चर दोन्ही तोंडांना दगड-लव्हाळ्यांनी बंद केला, मासा आत शिरू नये म्हणून. कोथिंबिरीचा वाफा मोडून सावलीसाठी काठानं वाळुंजाची झाडं लावली. अहोलोत वाचवू पाहणाऱ्या विद्यापीठातल्या एका मुलीनं तिथं वीस मोठे अहोलोत सोडले. दोन उन्हाळे भाजून गेले. एकही दिसेना.

तोमासाचा मुलगा एफ्राइन मागे लागला. "मामा, शेजारच्यांनी चर बुजवून फुटबॉलचं मैदान केलं. दर रविवारी झुंबड असते. आणि तू रिकाम्या पाण्याला पहारा देतोयस."

"एवढी रोपं होऊ दे," सिरिलो थकून म्हणाला. "मग बुजव."

चरातून शेवटचा चिखल उपसून पसरला तेव्हा तोमासा बिया घेऊन बसली होती. सिरिलोनं वड्या पाडायला सुरी टेकवली, तर चिखल हलला. बोटाएवढं अहोलोताचं पिल्लू. म्हणजे इथंच जन्मलेलं.

त्यानं ते पाण्यासकट ओंजळीत धरलं. तोमासा वाकली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही.

"किती बारीक आहे रे," एवढंच म्हणाली आणि चिखलाच्या हातानंच डोळे पुसले.

एफ्राइन घुटमळला. "मैदानवाले परवा चर बुजवायला येतायत, मामा. त्यांना काय सांगू?"

"सांग, मामानं एकदा अहोलोतांच्या अंगावर मासे सोडले होते. आता फुटबॉलवाली पोरं सोडणार नाही."

त्यानं पिल्लू पाण्यात सोडलं. मग पसरलेला सगळा चिखल, आणखी कोणी अडकलं असेल म्हणून, मूठमूठ चाचपत परत चरात लोटला. त्या हंगामात सिरिलोच्या मळ्यात एकही रोप झालं नाही.