एक्झिटच्या मागची खूण

त्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये आम्ही पाच जणं व्हतो. मालक डॉक्टर, त्यांचा शिकून आलेला भाचा, रक्त काढणारी सुनीता, झाडूपोछा करणारी मी, आन् आमचा कॉम्प्युटरवाला. त्याच्यावाणी चक्रम माणूस देवानं पुन्हा केला नसंल. मी सांगायले, नात लिहायली.

त्याला खोड एकच. सुरू केलेलं काहीबी नीट संपलं पायजे, आन् संपलं ते तोंडानं सांगितलं पायजे. चहा पिला की म्हणायचा, "मावशी, चहा संपला. तक्रार नाय." शिंकला तरी "झाली" म्हणायचा, म्हंजी पुढच्यानं दुसरीची वाट बघू नये. सुनीतानं फोन आपटला की वरडायचा, "अगं, बोलणं संपलं का तुटलं, त्या माणसाला कळू दे की!" सुनीता म्हणायची, "ह्याची बायको कशी नांदती गं मावशी?" तर म्हणं भांडणाच्या शेवटी तिला "भांडण संपलं" म्हणावं लागायचं, त्याबिगर हा ताटावर बसत नव्हता.

मशीनवर तो काळी खिडकी उघडायचा, पांढरी अक्षरं पळायची. कामं एकामागं एक लावून दिलेली: रिपोर्ट गोळा करा, छापा, दवाखान्यांना पाठवा. शेवटी 'काम झालं' यायचं, नायतर 'इथं बिघडलं'. कुणी वाचून बटण दाबल्याबिगर खिडकी मिटत नव्हती. म्हणलं, "एवढं कायला रे?" तर म्हणला, "मावशी, मोठ्या कामाच्या पोटात लहान कामं असत्यात. लहान्यानं आपल्यापुरतं उठावं, मोठ्याला निरोप द्यावा. निस्तं एक्झिट, म्हंजी 'उठ', लिहिलं तर ते मोठ्याचीबी खिडकी मिटून जातं. मागं एक बारकी खूण लावावी लागती." मला लगेच पटलं. पंगतीत एक जण मधीच उठला की बाकीच्यायचं जेवण मोडतं, तसंच ते.

भाच्यानं त्यात हात घातला. छापायच्या कामाखाली निस्तं एक्झिट ठोकलं. रिपोर्ट छापले, खिडकी गपकन मिटली, दवाखान्याला एकबी रिपोर्ट गेला नाय. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून बोंब आली, तर भाचा म्हणतो, "मावशीनं पोछा मारताना वायर ओढली." मालक माझ्याकडं न बघता म्हणले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

निजाम हरला त्या पोलीस ॲक्शनच्या साली माझा जन्म. बाप गुलमंडीच्या बाजारात वझं वाहून मेला, नवरा लवकर गेला, दुसऱ्याची भांडी घासून पोरं वाढवली. रडले नाय. पण असला खोटा आळ! अजून आठवलं की डोकं तापतं.

कॉम्प्युटरवाला म्हणला, "वायर ओढली असती तर मशीन बंद पडलं असतं. ते तर कालपासून चालूच हाय. खिडकीच मिटली. ही एक्झिटची वळ बघा, कुणी लिहिली?" भाचा भिताडाकडं बघाया लागला. मालक हळूच म्हणले, "बहिणीचं पोर हाय रे ते. दवाखान्याला कुणाचं तरी नाव सांगावंच लागंल."

"मग माझं सांगा. मी आपल्यापुरता उठतो. मावशीची पंगत मोडू नका."

बसला, ती खूण लावली, समदं पुन्हा चालवलं. 'काम झालं' आलं तवाच उठला. किल्ली टेबलावर ठेवून म्हणला, "माझं इथलं काम संपलं. तक्रार हाय." मला त्याचाबी राग येतो. कुणी सांगितलं व्हतं येड्याला उठायला? पायरीवर चप्पल घालताना म्हणला, "मावशी, तुमचं काम संपंल तवा मला कळवा बरं. संपलं का तुटलं, ते."

पुण्याकडं गेला म्हणत्यात. ठिकाणा कुणाला ठावं नाय. मी मातर गुडघे धरेपर्यंत तिथंच पोछा मारला. निघताना सुनीतानं नारळ आन् लुगडं दिलं. मी दारात उभं राहून मोठ्यानं "काम झालं" म्हणले, तर नव्या पोरी हसल्या. कळवायचं ते राहिलंच.

वाचणाऱ्यानं एवढं करा. चहा संपल्यावर तसं सांगणारा माणूस कुठं भेटला, तर त्याला म्हणावं, मावशीचं काम तुटलं नाय. संपलं.