गुडघेदुखीचं निमित्त

आमच्या राहू गावात दिवस गेलेली बाई तिसरा महिना सरेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. नजर लागते म्हणतात. घरातल्यांना ठाऊक असतं, पण सगळे माहीत नसल्यासारखं वागतात. तिच्या भातावर चमचाभर तूप जास्त पडतं, फुलांची भरलेली पाटी कुणीतरी तिच्या आधी उचलतं. माझ्या वेळीही असंच झालं होतं. मला ते आवडलं होतं, कारण कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

सुनेच्या वेळी मात्र तसं गप्प बसून भागलं नाही.

तिला लहानपणी मूत्रपिंडाला सूज आली होती. चेहरा फुगायचा, पाय सुजायचे. सूज गेली, पण बीपी मागे राहिलं. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनीच हे सगळं सांगितलं होतं. सकाळच्या चहाआधी ती एक गोळी घ्यायची आणि कामाला लागायची. शेवंती तोडताना माझी एक सरी होईपर्यंत तिची दुसरी निम्मी व्हायची. त्यामुळे तिला काही आजार आहे हे आम्ही जवळजवळ विसरूनच गेलो होतो.

तिची पाळी चुकली तेव्हा शेवंती भरात होती. थोरल्या जाऊबाईंनी लगेच फर्मान काढलं, "तिसरा सरंस्तोवर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. तिथं निम्मं राहू बसलेलं आसतंय."

एका सकाळी तोडणी चालू असताना सून सरीत मटकन खाली बसली आणि तिने डोकं धरलं.

"काय गं?"

"काय न्हाई आत्या. ऊन लागलं."

ऊन कुठलं? फुलांवरचं दव अजून वाळलं नव्हतं.

"गोळी घेतली का सकाळची?"

ती मान खाली घालून देठ कुरतडत राहिली. मग म्हणाली, "बंद केलीय. बाळाला लागंल म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. कुणाला इचारू? इचारलं तर कळंल की समद्यांना."

पूर्वी ती एकदा चार दिवस माहेरी कारेगावला गेली आणि गोळ्या इथेच विसरली, तेव्हा बीपी इतकं चढलं की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आणि आता तर दोन जिवांचा प्रश्न होता.

मी घरी येऊन जाऊबाईंना म्हणाले, "मी हिला उद्या दौंडच्या दवाखान्यात नेते."

मी असं कधी बोलत नाही. त्या हातातली भाकरी थापायच्या थांबल्या. "आन् कुणी इचारलं, कुठं निघाल्या सासवा-सुना, तर?"

मग भाकरी तव्यावर टाकत त्याच म्हणाल्या, "तुझं गुडघं दुखत्यात म्हणून सांग. सून सोबतीला."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या थांब्यापर्यंत लंगडत गेले. वाटेत भेटेल त्याने विचारपूस केली, कुणी तेल सांगितलं, कुणी पाला. सून पदराआड हसू दाबत होती. थांबा जवळ आला तशी हळूच म्हणाली, "आत्या, पाय बदलला तुमी. मगा डावा दुखत हुता."

एसटीत बसल्यावर आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. पण दौंड जवळ येऊ लागलं तसं तिने माझं मनगट धरलं, ते सोडलं नाही.

दवाखान्यात माझं लंगडणं बघून डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "बोला, काय होतंय?" मी सुनेकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आजवर दवाखान्यात मी कुणाच्या तरी मागे उभी राहत आले. आता पुढे कुणीच नव्हतं. मी एका दमात सगळं सांगितलं, मूत्रपिंडाची सूज, बीपी, गोळी बंद केली ते आणि माझे गुडघे धडधाकट आहेत तेही.

त्या हसल्या. मग बीपी बघितलं आणि हसणं थांबवलं. चढलेलं होतं.

"आधीपासून मूत्रपिंडाचा, बीपीचा, नाहीतर साखरेचा आजार असला," त्या म्हणाल्या, "तर गरोदरपणात बीपी चढायचं भय इतर बायकांपेक्षा जास्त असतं. चढेलच असं नाही. पण लक्ष पहिल्यापासून ठेवावं लागतं. हिची जुनी गोळी बाळाला चालणारी नव्हती, हे खरं. पण चालणारी दुसरी असते. आपल्या मनाने बंद करून बसायचं नाही." तिसरा महिना सरत आला की आणखी एक बारीक गोळी द्यायची असते, ती अशा बायकांना फार उपयोगी पडते, असंही त्या म्हणाल्या. "लोक चौथ्या-पाचव्यात येतात. तुम्ही वेळेत आलात."

हे ऐकून सूनबाई तिथेच रडली. पुढे माझ्या मुलाने बीपीचं मशीन आणलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे वाचता येतात. ती पाच मिनिटं भिंतीला टेकून शांत बसायची आणि मग मी तिच्या दंडाला पट्टा बांधायची. तेवढा वेळ घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा दम जाऊबाईंनी सगळ्यांना भरला.

सातव्यात डोहाळजेवण केलं. गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे ताटं भरून घेऊन आल्या. लोणचं, पापड, कुरडया, खारवलेल्या मिरच्या. डॉक्टरीणबाईंनी नेमकं खारट तेवढं वर्ज्य सांगितलेलं. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई पुढे झाल्या. "लोनचं उचला आदी! पोरीची ओटी भरा, बीपी नगं."

"आगं बाई, डोहाळजेवान हाय का दवाखाना?" एक म्हातारी म्हणाली.

"दोन्ही हाय. खीर खा आन् गप बस."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टरीणबाई एकच असाव्यात म्हणून तिची आईच आमच्याकडे राहायला आली. नववा लागला आणि एका सकाळी आकडा चढला. मी थांबून पुन्हा पट्टा बांधला. तोच आकडा. "डोळ्यापुढं चमकतंय," ती म्हणाली. अंगणात फुलांनी भरलेला टेम्पो बाजाराला निघायच्या तयारीत होता. तो दौंडला वळवला. मी आणि विहीणबाई मागे शेवंतीत बसलो.

"आता थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुपारनंतर दाराआडून रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिल्लासारखं. मुलगी झाली. लहानखुरी होती, थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिली. सुनेचं बीपी उतरायला वेळ लागला, गोळ्या तर अजून चालू आहेत आणि पट्टाही. नात आता मशीनचा आवाज आला की रांगत येते.

परवा शेजारची नवी सून कढीपत्ता मागायला आली. तिला साखरेचा आजार आहे, हे मला ठाऊक आहे; आणि हल्ली भरलेली कळशी तिच्या आधी तिची सासूच उचलते, तेही. कढीपत्ता घेऊनही ती उंबऱ्यात घुटमळत राहिली. मग मशीनकडे बघत तिने नुसता हात पुढे केला. मी काही विचारलं नाही. तिला भिंतीला टेकून बसवलं, पाच मिनिटं जाऊ दिली आणि पट्टा बांधला.

आकडा बरा होता. पट्टा सोडता सोडता मी म्हणाले, "माझं गुडघं लई दुखायला लागल्यात बघ. उद्या दौंडला जायचं म्हणते. येतीस का सोबतीला?"