खाला फोन लवकर उचलत नाहीत

माझ्या दुकानात काउंटरखाली एक खोका आहे. जुन्या चार्जरच्या वायरी त्यात टाकतो. प्रत्येक वायर नीट गुंडाळून ठेवलेली असते, पण एक काढायला जावं तर तिला धरून आणखी चार बाहेर येतात. किश्शांचंही तसंच. विद्यापीठाच्या केंद्रासमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि प्रिंटचं दुकान टाकलं, तेव्हापासून संशोधन करणाऱ्या मंडळींचे किस्से साठत गेले. एक सांगायला घेतला की बाकीचे मागोमाग येतात.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं, तेही एका चहावर. एवढी स्वस्त फी कुठल्या कॉलेजात नाही.

*

पहिला किस्सा फळ्याचा. केंद्रात कॉम्प्युटर विभाग सांभाळणारे गायकवाड सर मोठे कामसू. सर्व्हर, वायफाय, ऑनलाइन ग्रंथालय, कुठं काही बदललं की लगेच इंग्रजीत परिपत्रक मेल करणार. मंडळी ते उघडायची नाहीत आणि रस्ता ओलांडून मला विचारायची, "अण्णा, आज नेट का चालंना?"

सांगून सांगून घसा बसला, तेव्हा दुकानाबाहेर फळा टांगला. पहिली बातमी लिहिली : 'उद्या नेट येईल आणि जाईल. भरवशावर राहू नये.'

दुपारी गायकवाड सर आले. कमरेवर हात ठेवून फळा वाचला.

"अण्णा, माझं परिपत्रक पानभर होतं."

"फळा लहान हाय सर."

सर चहा न घेता गेले. मला वाटलं, रागावले. पण पुढच्या परिपत्रकाच्या तळाला एक ओळ वाढली होती : 'सविस्तर माहितीसाठी समोरचा फळा पाहावा.'

*

आमच्याकडच्या वाशी गावचा भगवान आठवडी बाजारावर प्रबंध लिहीत होता. प्रबंध जमा करण्याआधी सॉफ्टवेअर तपासतं, मजकूर कुठून उचललाय का. भगवानचा रिपोर्ट माझ्याकडं प्रिंटला आला तो पानोपानी लाल. बिचारा घामाघूम.

"अण्णा, हे सगळं मीच आधी एका अंकात छापलेलं. माझंच मी चोरलं व्हय?"

मी म्हटलं, "घरच्या डब्यातला लाडू न विचारता घेतला तर तुझी बायको काय म्हणते?"

भगवाननं रिपोर्टची लाल पानं पुन्हा उलटली. मग म्हणाला, "म्हणजे विचारायचं कुणाला?"

गायकवाड सर मागं उभे होते. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्याच लेखाचा हवाला कसा द्यायचा ते दाखवलं. सोबत मीही शिकलो. मला त्याची गरज कधी पडणार ते देवाला माहीत, पण शिकलो.

*

येडशीच्या अभयारण्यात एका मॅडमनी लांडग्यांसाठी झाडांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. त्यांचं पहिलं कार्ड माझ्या दुकानात उघडलं. आम्ही सगळे स्क्रीनला चिकटून. बघतो तर शेळ्या. पुढं शेळ्या. त्यापुढं एक गुराखी, कॅमेऱ्यात तोंड बघून भांग पाडताना.

काही दिवसांनी तोच गुराखी दुकानात हजर. "रानातला माझा फोटो द्या. आधारवरचा लई वाईट आलाय."

नेमक्या मॅडम तिथंच. "अहो, तो कॅमेरा लांडग्यासाठी लावलाय."

"लांडग्याला काय करायचाय फोटो?"

मॅडमनी हसत हसत फोटो काढून दिला. मग त्यानंच लांडगा पाण्यावर कुठून उतरतो ते दाखवलं, कॅमेरे तिकडं हलले. प्रबंधात आभाराच्या पानावर त्याचं नाव आहे. भांग पाडलेला फोटो घालायचा त्याचा आग्रह मात्र टिकला नाही.

*

आता नसरीन. परंड्याची पोर. तिकडच्या बायका हळदीला, पाळण्याला, जात्यावर जी दखनी बोलीतली गाणी म्हणतात, ती जमवून तिनं पीएचडीचा विषय केला. ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत, जे आहे ते म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात. नसरीन घरोघर बसून रेकॉर्ड करायची.

त्यांच्यातल्या जुबेदा खाला, म्हणजे मावशी, जरा तिखट. त्यांनी तिला विचारलं, "हमारा गाना तू लेके जाती. हमकू क्या?"

नसरीन त्यांना घेऊन माझ्याकडं आली आणि जिचं गाणं तिच्या फोनला रिंगटोन करायची कल्पना निघाली. मी नुसता तुकडा कापून टाकला, तर खाला भांडायला उठल्या, "आधा कायकू?" मग अख्खं गाणं टाकलं, जसंच्या तसं. ही बातमी परंडाभर झाली. पुढं नसरीन ज्या बाईकडं गेली, तिनं आधी फोन पुढं केला आणि मग गळा साफ केला.

थोड्या दिवसांनी खालांचा मुलगा पुण्याहून मला फोनवर म्हणतो, "अण्णा, अम्मीला बरं नाही का? किती वेळ रिंग जाते, उचलतच नाही."

खाला दुकानात आल्या तेव्हा विचारलं.

"उचल्या तो गाना बंद हो जाता ना सेठ."

*

फळ्यावर अधूनमधून नसरीनचंही अक्षर असायचं. 'कामाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा' ही सूचना तिनंच लिहिलेली. आणि ती स्वतः परंड्याहून एसटीनं निघाली, तेव्हा लॅपटॉप आणि दुसऱ्या प्रतीची हार्डडिस्क एकाच पिशवीत. पिशवी सीटखाली. वरच्या फळीवर कुणाच्या तरी लग्नाच्या दह्याचा डबा. बार्शीच्या अलीकडं गाडीनं गचका खाल्ला आणि दही सीटखालच्या पिशवीत उतरलं.

गायकवाड सरांनी दोन्ही खोलून पाहिलं. मग पुण्याला पाठवलं. परत आलं तसंच. रेकॉर्डर ती दर फेरीला रिकामा करायची आणि माझ्या दुकानातही प्रत नव्हती. प्रबंध लिहून तयार होता, पण त्याचा जीव रेकॉर्डिंगमध्ये. ते सोबत जमा केल्याशिवाय सगळं फुकट.

"परत म्हणून घेऊ पोरी," मी म्हटलं.

नसरीन स्टुलावर बसून जमिनीकडं बघत होती. "अण्णा, पाळणा म्हणणाऱ्या रौशन बी वारल्या. त्यांच्याकडून कसं घेऊ?"

गायकवाड सर दह्याचा वास येणारी हार्डडिस्क हातात घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "अण्णा, तुम्ही रिंगटोनला गाणं अर्धं टाकलं होतं का पूर्ण?"

बाजाराच्या दिवशी आम्ही परंड्यात. चहाच्या हॉटेलात टेबल मांडून सर लॅपटॉप घेऊन बसले, भगवान वायरी धरून. जुबेदा खालांनी घरोघर निरोप फिरवला होता. बायका आल्या, फोन दिले, खाऱ्या बिस्किटांवरून भांडल्या. गाणी एकेक करून परत येत होती.

शेवटी रौशन बींची सून आली. सासूचा बटणाचा फोन पदरात गुंडाळलेला. द्यायला तयार होईना.

"गाणं काढून घेणार का तुम्ही?"

सर म्हणाले, "नाही ताई. नक्कल घेणार. तुमचं तुमच्याजवळच राहील."

"नक्की?"

"नक्की."

तिनं फोन दिला आणि नक्कल होईपर्यंत त्यावर एक बोट ठेवून उभी राहिली. मग वाजवून खात्री केली. नसरीन हॉटेलच्या मागं जाऊन तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी एकच ओळ लिहिली : 'परंड्याच्या सर्व खालांचे आभार.' कितीतरी दिवस ती कुणी पुसली नाही. नेट गेल्याची बातमीही लोक बाजूला दाटीवाटीनं लिहायचे.

*

नसरीनच्या तोंडी परीक्षेला केंद्राचा हॉल भरला. बाहेरगावचे परीक्षक शिस्तीचे. परंड्याच्या बायका मागच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. परीक्षकांनी प्रबंध चाळला, चष्मा काढला.

"एवढं मोलाचं काम. मूळ रेकॉर्डिंग एकदा गेलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. आता त्याची प्रत कुठं ठेवली आहे?"

नसरीन उत्तर द्यायला उभी राहिली, तोच मागच्या रांगेत जुबेदा खालांच्या पिशवीतून त्यांचाच आवाज सुरू झाला, 'हल्दी पीसो सहेल्यो...'

पुण्याहून मुलाचा फोन. सगळा हॉल मागं वळला. गायकवाड सर खुर्च्यांमधून वाकत वाकत आले आणि हळूच म्हणाले, "खाला, बंद करा ना."

खालांनी फोन पिशवीतून काढून मांडीवर ठेवला.

"ठहर बेटा. अजून एक कडवं हाय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.