पोंभुर्ण्यातलं एक लग्न

प्रत्येक समाज आपल्या स्त्रीसौंदर्याचा आदर्श बाहुलीत कोरून ठेवतो. हे वाक्य मी चंद्रपुरातल्या एका व्याख्यानात म्हटलं होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. पुढे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोंभुर्ण्याला भावाकडे गेलो, तेव्हा हा आदर्श तांदळाच्या पायलीत गुडघ्यापर्यंत रोवलेला दिसला.

अखजीला आमच्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. त्या वर्षी नवरी होती पुतणीची बाहुली, मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेली. जगप्रसिद्ध बाहुलीची ही जत्रेतली चुलत बहीण. केस पिवळे, कंबर बांगडीतून निघेल एवढी, आणि पाय कायमचे टाचा उंचावलेले. सँडल एसटीतच हरवल्यामुळे तिला उभं राहता येत नव्हतं, म्हणून पायली. नवरदेव शेजारच्या सुतारभाऊंनी आपल्या मुलीसाठी सागाच्या तुकड्यातून काढला होता. डोळे कोळशाचे, खाली निमुळता, पाय नाहीत.

"नवरी लय उंच आहे, बाई," सुतारभाऊंची आई म्हणाली. "आमचा पोरगा दबून जाईन."

नवरदेवाला पाटावर ठेवलं. हळद लागली. प्लास्टिकने ती अशी धरली, की नवरी कावीळ झाल्यासारखी दिसू लागली. रुमालाचा अंतरपाट झाला. लिहितो-वाचतो या संशयावरून मंगलाष्टकं माझ्या गळ्यात पडली. ती मी दोन सुरांत म्हटली, त्यातला एकही बरोबर नव्हता.

अक्षता पडल्याबरोबर सुतारभाऊंच्या मुलीने नवरी पायलीतून उपटली आणि कडेवर घेतली. "चाल, आता आमच्या घरी."

पुतणीचा चेहरा उतरला. लग्नाची तयारी तिने आठवडाभर केली होती. लग्नानंतर काय होतं, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काऊन? ते माही आहे!"

"लगन झालं ना. नवरी नवरदेवाघरीच जाते."

मांडवातल्या बायकांनी माना डोलावल्या. त्या सगळ्या तशाच आलेल्या होत्या. "देऊन टाक, बेटा, तुले दुसरी आणू," वहिनी म्हणाली. मी रीतिरिवाजांच्या उगमाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कोणी ऐकलं नाही, तेच बरं झालं.

पुतणीने डोळे पुसले. "मंग नवरदेवालेच ठेवा इथी."

"वा! घरजावई?" आजीबाई कडाडल्या. "आमचा पोरगा काय रस्त्यावर पडला आहे?"

"त्याले पायच नाई, आजी. कुठी जाईन तो?"

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. लग्न ठरवताना नवरदेवाचे पाय कोणी पाहिले नव्हते. सगळे नवरीचेच पाहत होते. सुतारभाऊ मोठ्याने हसले. "राहू द्या इथीच. सागाचा आहे, वाळवी नाई लागत."

त्यांच्या मुलीने नवरी परत दिली आणि बदल्यात बाहुलीचं गुलाबी खोकं मागून घेतलं. त्याला समोरून पारदर्शक खिडकी होती. दुसऱ्या दिवशी तिने त्यात कोंबडीचं पिल्लू ठेवलं आणि ती पुतणीला दाखवायला घेऊन आली.

नवरी अजून पिवळी आहे आणि टीव्हीवर बसलेली असते. नवरदेव निमुळता; स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली जी पाचर लावतात, ती म्हणजे तोच.